गणपतीच्या कार्यक्रमात ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री’ मराठीत कसं म्हणायचं? (तातडीची मदत हवी)

पश्चिमेची_सई:
मंडळी, जरा घाईचं काम आहे. आमच्या मंडळाचा गणपती पुढच्या शनिवारी, मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकमध्ये. हॉल कौन्सिलचा, सूत्रसंचालन माझ्या गळ्यात. इथे कुठलाही सार्वजनिक कार्यक्रम सुरू करताना ती जमीन मुळात ज्या अ‍ॅबोरिजिनल लोकांची, त्यांचं नाव घेऊन दोन वाक्यं बोलायची पद्धत आहे. शाळेच्या असेंब्लीत असतं, ऑफिसच्या झूमवर असतं, विमान उतरतानाही कधीकधी असतं. दरवर्षी आम्ही ते इंग्रजीत उरकतो आणि लोक तेवढ्या वेळात चपला कुठे ठेवायच्या ते बघतात. यंदा अध्यक्ष म्हणाले, सगळा कार्यक्रम मराठीत, तर हेही मराठीतच. आणि त्यांनी मशीनकडून करून घेतलेलं भाषांतर पाठवलं:

“आम्ही देशाच्या पारंपरिक मालकांची पावती देतो आणि त्यांच्या भूतकाळातील, वर्तमान व उगवत्या वडिलांना आदर भरतो.”

हे मी माइकवर म्हटलं तर बाप्पा विसर्जनाची वाट न बघता उठून जातील. तर प्रश्न दोन. ‘ट्रॅडिशनल ओनर्स’ आणि ‘कंट्री’ला मराठीत काय म्हणाल? आणि हे मराठीत म्हणण्यात काही अर्थ आहे का, की उगाच सोंग?

झणझणीत:
उगवते वडील!! हसून हसून पुरेवाट. आमचे वडील रोज साडेपाचला उगवतात आणि सगळ्यांना उठवतात.

कासारवाडी_ते_कॅनबेरा:
‘कंट्री’ला देश नको. इथे त्या शब्दात जमीन, पाणी, झाडं, प्राणी, पूर्वज, त्यांच्या कथा आणि ती जागा सांभाळायची जबाबदारी सगळं एकत्र येतं. ‘मुलूख’ जवळचा वाटतो. ‘मायभूमी’ फार भाषणी.

सुरमई:
‘आदिवासी’ शब्द वापरायचा का? आणि ‘मूलनिवासी’? दुसरा म्हटला की आपल्याकडे लगेच वेगळंच राजकारण सुरू होतं.

कासारवाडी_ते_कॅनबेरा:
@सुरमई, काहीच नको, लोकांचं नाव घ्यायचं. इथे अडीचशेच्या वर भाषा होत्या, सगळ्यांना मिळून एक शब्द लावणं हीच गोऱ्यांची सोय. पॉइंट कुक म्हणजे बुनुरोंग. सई, तू ‘बुनुरोंग लोक’ म्हण, प्रश्न मिटला. आणि मराठी पेपरांत अजून ‘अ‍ॅबोरिजिन’ छापतात, तो शब्द इथे आता अपमानकारक मानतात, तेवढा टाळ.

हटवादी_हणम्या:
सिडनीत १८ वर्षं झाली, म्हणून स्पष्ट बोलतो. सोंगच आहे. ही ‘प्राचीन परंपरा’ १९७६ साली पर्थमध्ये सुरू झाली. माओरी आणि कुक आयलंडचे नर्तक आले होते, त्यांना यजमानांनी स्वागत केल्याशिवाय नाचायचं नव्हतं, म्हणून दोन स्थानिक कलाकारांनी ते तयार केलं. ऑफिसात आमचा मॅनेजर ‘गॅडिगल’ (सिडनीच्या मूळ लोकांचं नाव) हा शब्द दर सोमवारी वेगळा उच्चारतो. म्हणायचं सगळ्यांनी, जमीन परत द्यायची कुणीच नाही. आणि खरंच उद्या कोणी दारात येऊन “हे घर आमच्या जमिनीवर आहे” म्हणालं तर? तीस वर्षांचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे, मॅनेजरच्या नाही.

पश्चिमेची_सई:
@हणम्या, स्वागत आणि उल्लेख यात गल्लत होतेय. ‘वेलकम’ फक्त तिथल्या वडीलधाऱ्यांनी करायचं असतं. आपण पाहुण्यांनी करायचा तो उल्लेख. आणि १९७६ ची गोष्ट खरी असली तरी अर्धीच आहे. मेलबर्न भागातल्या ‘कुलिन’ नावाच्या मूळ लोकांत ‘टँडेरम’ हा विधी फार जुना. परक्या मुलखातून येणाऱ्याने वेशीवर थांबायचं, यजमानांनी झाडाच्या डहाळ्या, पाणी, अन्न द्यायचं, म्हणजे तेवढ्या काळापुरतं इथे राहायची मुभा. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाचा गोरा वसाहतकार ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे आणि पीठ देऊन मेलबर्न-जिलाँगकडची सुमारे सहा लाख एकर जमीन ‘विकत’ घेऊन मोकळा झाला. ज्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या कागदावर खुणा केल्या, त्यांना तो बहुधा टँडेरमच वाटला, असं बरेच इतिहासकार म्हणतात.

झणझणीत:
म्हणजे त्यांनी चहा-पोहे विचारले आणि याने घराची किल्ली खिशात टाकली.

पश्चिमेची_सई:
अगदी! पुढची गंमत म्हणजे गव्हर्नर बर्कने त्याच वर्षी तो करार रद्द ठरवला. फसवणूक झाली म्हणून नव्हे. जमीन मुळात सरकारची, मूळ लोकांना ती विकायचा अधिकारच नाही, म्हणून.

निवृत्त_सर्कल:
नमस्कार. मी महसूल खात्यात ३३ वर्षं काढली, तलाठी ते मंडळ अधिकारी. मुलगा पर्थला आहे, सहा महिने तिथे होतो. सुनेने लायब्ररीचं कार्ड काढून दिलं आणि मी जमिनीचे खटले वाचत बसलो. माणूस निवृत्त होतो, खोड होत नाही.

हणमंतराव, तुमच्या घराची चिंता सोडा. तुमची खरेदी ‘फ्रीहोल्ड’, म्हणजे पूर्ण मालकीची. तिथे ‘नेटिव्ह टायटल’, म्हणजे मूळ लोकांच्या रीतीप्रमाणे चालत आलेला हक्क, कायद्याने संपलेला आहे. १९९३ साली कायदा आला तेव्हाही “तुमचं परसदार जाणार” अशी आवई उठली होती. एकाचंही परसदार गेलं नाही.

आता मूळ गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. १७८८ ला इंग्रज उतरले आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्यांनी सगळ्या खंडाचा सातबारा कोरा धरला. कब्जेदाराच्या रकान्यात राजाचं नाव टाकलं, वहिवाट कुणाची ते विचारलंच नाही. पंचनामा नाही, नोटीस नाही, हरकती मागवल्या नाहीत. असा फेरफार आमच्याकडे कुणी मंजूर केला असता तर निलंबित झाला असता.

हा फेरफार चुकीचा, हे त्यांच्या सर्वोच्च कोर्टाने मान्य केलं ३ जून १९९२ रोजी. एडी माबो नावाचा माणूस टाउन्सविलच्या विद्यापीठात माळीकाम करायचा. मेर नावाच्या बेटावर आपली वडिलोपार्जित जमीन आहे, असं तो तिथल्या दोन प्राध्यापकांना सांगत होता. ते म्हणाले, बाबा, कायद्याने ती तुझी नाही, सरकारची आहे. त्याचा विश्वासच बसेना. कारण मेरवर वाड्यांच्या हद्दी ठरलेल्या, दगड आणि झाडं खुणेला, कुणाच्या बांधावर कुणी पाय ठेवायचा नाही हा तिथला धर्म. १९८२ ला दावा लावला. १९८५ ला क्वीन्सलँड सरकारने कायदाच केला की असे काही हक्क असलेच तर ते मागील तारखेपासून रद्द. १९८८ ला कोर्टाने तो कायदा पाडला. निकाल लागला तेव्हा माबो जाऊन साडेचार महिने झाले होते.

आमच्या तालुक्यातही वारसनोंद होईपर्यंत वारस जातो. हे काही मला नवीन नाही.

मालवणी_खेकडो:
भाऊसाहेब, दंडवत! असो तलाठी आमका मेळाक व्हयो होतो.

कासारवाडी_ते_कॅनबेरा:
उत्तम प्रतिसाद. एक दुरुस्ती: माबो हे उत्तरेकडच्या टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे, अ‍ॅबोरिजिनल नव्हेत. ते वेगळे लोक. पण निकाल सगळ्या खंडाला लागू झाला.

निवृत्त_सर्कल:
दुरुस्ती मान्य. शुद्धिपत्रक काढलं समजा.

हटवादी_हणम्या:
भाऊसाहेब, आभार, खरंच हलकं वाटलं. पण मग उरलं काय? शहरात हक्क संपलेला, मग नेमकं मिळालं काय त्यांना?

निवृत्त_सर्कल:
चांगला प्रश्न. दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

एक, नॉर्दर्न टेरिटरीचा १९७६ चा कायदा. त्यात मालकी मिळते, न विकता येणारी, सामाईक. टेरिटरीची जवळजवळ निम्मी जमीन आज त्यात आहे. खाणीचा शोध घ्यायचा असेल तर पारंपरिक मालक ‘नाही’ म्हणू शकतात. याच्या मागे गुरिंजी लोकांचा संप आहे. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगिआरीच्या मागे वेव्ह हिल या गोऱ्यांच्या गुरांच्या मळ्यावरचे गुराखी आणि त्यांच्या घरचे काम सोडून निघाले. गोऱ्यांना वाटलं पगारासाठी आहे. ते जमीन मागत होते. १९७५ ला पंतप्रधान व्हिटलमनी स्वतः जाऊन त्याच्या हातावर माती ओतली. आपल्याकडे दान देताना उदक सोडतात, तसंच मला वाटलं. सून म्हणाली, “बाबा, दान नव्हे, परत दिली.” तिचं बरोबर.

दुसरा रस्ता नेटिव्ह टायटल. हा हक्क कुणी देत नाही, तो होताच हे कोर्टाने मान्य करायचं. पण पुरावा तुम्ही आणायचा, की इंग्रज आले तेव्हापासून आजवर रीतीभाती आणि जमिनीशी नातं तुटलेलं नाही. आता बघा, माणसांना मिशनवर कोंडलं, मुलं काढून नेली, भाषा बोलू दिली नाही, आणि मग विचारायचं की वहिवाट अखंड आहे का! मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचा दावा याच मुद्द्यावर गेला, २००२ मध्ये सर्वोच्च कोर्टानेही फेटाळला. आमच्याकडे जबरदस्तीने कब्जा काढला तर निदान मामलतदार कोर्टात जाता येतं. मुदतीत गेलात तर.

आणि मिळाला हक्क तरी पुष्कळदा तो ‘इतर हक्क’ रकान्यातला. १९९६ च्या विक निकालात कोर्ट म्हणालं, गुराढोरांच्या मोठमोठ्या कुरणांचा पट्टा आणि मूळ लोकांचा हक्क एकाच जमिनीवर नांदू शकतात. फक्त भांडण झालं तर पट्टेदाराचं चालेल. शिकार, मासेमारी, विधी, जाण्यायेण्याची वाट, एवढं पदरात.

झणझणीत:
पॉपकॉर्न घेऊन बसले होते, आता वही घेऊन बसलेय.

ब्रिस्बेनचा_बोका:
क्वीन्सलँडवाल्याचे दोन पैसे. आपल्या लोकांना हा विषय परका वाटतो, पण आपल्या देशातली कंपनी त्यात पार गळ्यापर्यंत आहे. अदानींची कारमायकल कोळसा खाण वांगन आणि जगालिंगू लोकांच्या मुलखात. २०१६ मध्ये करारासाठी सभा झाली, मतं २९४ विरुद्ध १. विरोधकांचं म्हणणं, आम्ही बहिष्कार टाकला होता आणि सभेला आमच्यातले नसलेले लोक आणले. कोर्टाने करार ग्राह्य धरला. दावे लढवणारे एक वडीलधारे कोर्टखर्चापायी दिवाळखोर ठरवले गेले. २०१९ मध्ये राज्य सरकारने तिथल्या १,३८५ हेक्टरवरचा नेटिव्ह टायटल संपवून टाकला. त्या समाजातच दोन तट पडले, काहींना खरंच नोकऱ्या हव्या होत्या, तेही लिहायला हवं.

मुद्दा असा की नेटिव्ह टायटलमध्ये वाटाघाटीचा हक्क आहे, नकाराचा नाही. समोरच्याला ठाऊक असतं की अखेरीस लवाद बसणार आणि बहुतेक परवानगी मिळणार. मग वाटाघाट कसली, पाहुणचार फक्त.

सुरमई:
जुकन गॉर्जही आठवतं. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबरातला ४६ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा असलेला शैलाश्रय सुरुंग लावून उडवला. आणि ते बेकायदा नव्हतं! राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली मंत्र्याची रीतसर संमती होती. नंतर बोंब झाली, बड्या अधिकाऱ्यांना जावं लागलं. गुहा काही परत येत नाही.

गडचिरोलीकर:
भारतातून वाचतोय. वरचं वाचून आपल्या वनहक्क कायद्याची आठवण झाली, २००६ चा. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला. आमच्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, बांबू गावाने स्वतः विकला. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला लावलं, बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तिथे ‘नाही’ला अर्थ होता, निदान त्या वेळी. बाकी आमच्याकडे कार्यक्रमाच्या आधी कुणी गोंड-माडियांचं नाव घेत नाही. हक्क कागदावर बरा, उल्लेख शून्य. तुमच्याकडे उल्लेख रोज.

हटवादी_हणम्या:
@गडचिरोलीकर, शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसलो. कबुली देतो: २०२३ च्या व्हॉइस सार्वमतात मी ‘नो’ दिलं. मूळ लोकांचं एक सल्लागार मंडळ घटनेत घालायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. सुमारे ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं, कॅनबेराचा प्रदेश सोडून सगळ्या राज्यांनी. मला वाटलं होतं, माझ्या घराचं काहीतरी होईल. भाऊसाहेब तेव्हा कुठे होते?

निवृत्त_सर्कल:
तेव्हा मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होतो.

पश्चिमेची_सई:
मंडळी, सगळं अमूल्य आहे, पण शनिवार जवळ आलाय आणि माझ्या हातात अजून ‘आदर भरतो’च आहे!

मालवणी_खेकडो:
अगो बाय, आमच्याकडे ह्या रोजचाच. गावात कायव करूचा झाला, नाटक असांदे नायतर घराचो पायो, पयला गाऱ्हाणा. ज्याची जागा त्येका सांगितल्याशिवाय नारळ फुटना नाय. तुझ्यासाठी घातलंय बघ:

“बा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, बारा-पाचाच्या देवा! आज ही मराठी लेकरां तुझ्या मुलखात गणपती घेवन इलीत. होय म्हाराजा! काय चुकला-माकला तर सांबाळून घे. होय म्हाराजा! कौन्सिलचो हॉल येळेत खाली करूची बुद्धी दी. होय म्हाराजा!”

झणझणीत:
होय म्हाराजा!! सई, हेच म्हण.

सुरमई:
+१. शिवाय पूजेच्या संकल्पात आपण जागा सांगतोच की, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसलोय ते. आमचे झूमवरचे गुरुजी मेलबर्नच्या लोकांनाही गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसवतात ती गोष्ट निराळी. सकाळी पाय टेकण्याआधी जमिनीची क्षमा मागणारी माणसं आपण, आपल्याला यात नवल वाटायलाच नको.

कासारवाडी_ते_कॅनबेरा:
गाऱ्हाणं झकास, पण एका गोष्टीला माझी हरकत. राखणदार म्हटलं की ते देव होतात, भूतं होतात, म्हणजे मेलेले. बुनुरोंग जिवंत आहेत, त्यांची नोंदणीकृत संस्था आहे, ईमेल पत्ता आहे. २०२१ मध्ये मेलबर्न शहरातून त्यांची आणि शेजारच्या वुरुंजेरी लोकांची हद्द ठरली, त्याच्या बैठका झाल्या, वाद झाले. देवांच्या बैठका होत नाहीत. हात जोडून मोकळं व्हायची आपली सवय इथे घातक आहे.

मालवणी_खेकडो:
बरोबर आसा. पण एक सांगतंय, आमच्याकडे गाऱ्हाणा घालणारो गावकर जित्तोच असता, आनि मान त्येचो. ते मानावरसून कोर्टात केशी चलतत पंचवीस-पंचवीस वर्सा. देव गप रवता, मानकरी भांडतत.

निवृत्त_सर्कल:
माझा एक शब्द सुचवतो. इंग्रजीत ते म्हणतात ना, ‘नेव्हर सीडेड’, म्हणजे जमीन कधीच सोडून दिलेली नाही. त्याला मराठी कोशात शोधू नका, दुय्यम निबंधक कार्यालयात शोधा. ‘हक्कसोडपत्र’. बहिणीकडून भाऊ लिहून घेतो ते. ऐकणाऱ्या प्रत्येक घरात त्यावरून एकदा तरी भांडण झालेलं असतं. “या जमिनीचं हक्कसोडपत्र त्यांनी कधीच कुणाला लिहून दिलेलं नाही.” बघा, हॉलमधला चपलांचा आवाज थांबतो की नाही.

पश्चिमेची_सई:
भाऊसाहेब, अंगावर काटा आला. हेच घेते.

पर्थची_पमा:
भाऊसाहेब, वाक्य भारी, पण आमच्या पर्थमध्ये ते जरा जपून म्हणावं लागेल. नूंगर लोकांनी राज्याशी मोठा समझोता केला, तो २०२१ मध्ये लागू झाला, सुमारे १३० कोटी डॉलरचा. जमीन, निधी, घरं मिळणार आणि त्या बदल्यात नेटिव्ह टायटलचा दावा सोडायचा. काही नूंगर लोकांना ते अजिबात पटलं नाही, कोर्टात गेले. बाकीचे म्हणाले, पन्नास वर्षं लढत बसायचं की आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांदेखत काही मिळवायचं?

निवृत्त_सर्कल:
पमाताई, अगदी बरोबर. मी पर्थला राहूनही हे सुटलं. तिथे ते हक्कसोडपत्रच झालं, मोबदला घेऊन. तरी सार्वभौमत्व सोडलं असं ते म्हणत नाहीत, एवढा फरक ठेवू. जाता जाता मोबदल्याचंही सांगतो: २०१९ च्या टिंबर क्रीक निकालात कोर्टाने आर्थिक नुकसान फ्रीहोल्ड किमतीच्या ५० टक्के धरलं. मला आमच्या नवीन शर्तीच्या जमिनीचा ५० टक्के नजराणाच आठवला. पण त्यावर आणखी १३ लाख डॉलर दिले, ते मनाला, रीतीला, पवित्र जागांना लागलेल्या धक्क्याचे. तो रकाना आमच्या भूसंपादनाच्या नमुन्यात नव्हता. कोयना, उजनीच्या वेळी असता तर काय भरला असता, विचार करतो कधीकधी.

ब्रिस्बेनचा_बोका:
व्हिक्टोरियात तुमचं चित्र आणखी वेगळं, सई. २०२५ मध्ये तुमच्या संसदेने मूळ लोकांबरोबरच्या कराराचा कायदा मंजूर केला, देशात पहिलाच. आणि त्याच वर्षी अँझॅक दिनाच्या, म्हणजे इथल्या सैनिक-स्मरणदिनाच्या पहाटे मेलबर्नच्या ‘श्राइन’ या युद्धस्मारकावर स्वागत करणाऱ्या बुनुरोंग वडीलधाऱ्यांची काही लोकांनी हुर्यो उडवली. दोन्ही एकाच शहरात.

पश्चिमेची_सई:
हो, म्हणूनच नीट म्हणायचंय. अंतिम मसुदा:

“आपण आज बुनुरोंग लोकांच्या मुलखात जमलो आहोत. या जमिनीचं हक्कसोडपत्र त्यांनी कधीच कुणाला लिहून दिलेलं नाही. त्यांच्या पूर्वजांना आणि आज ही भूमी सांभाळणाऱ्या त्यांच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार करून, त्यांच्या अंगणात पाहुणे आहोत याची जाणीव ठेवून कार्यक्रम सुरू करतो.”

अवांतर: ते आपल्या वडीलधाऱ्यांना मानाने ‘अंकल’ आणि ‘आंटी’ म्हणतात. हे मला सात वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं, ही सवय आपलीच.

हटवादी_हणम्या:
‘अंगणात’ काढ, गोड होतंय. बाकी चांगलं आहे. आमच्या मंडळासाठी ‘गॅडिगल’ घालून ढापू का?

पश्चिमेची_सई:
ढापा. पण उच्चार सोमवारच्या मॅनेजरकडून शिकू नका. ‘अंगण’ काढलं.

पश्चिमेची_सई:
वृत्तांत! झाला कार्यक्रम. ‘हक्कसोडपत्र’ म्हटल्यावर खरंच हॉल गप्प झाला, मागून कुणीतरी “अरे बापरे” म्हणालं. अध्यक्षांना वाटलं मी मंडळाच्या जागेबद्दल काही बोलले. आरतीनंतर सांगलीहून लेकीकडे आलेल्या एक आजी प्रसाद घेता घेता म्हणाल्या, “मगाशी म्हणालीस ते खरं का? त्यांनी जागा दिलेलीच नाही?” म्हटलं, हो आजी. म्हणाल्या, “मग तुम्ही भाडं कुणाला देता?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कासारवाडी_ते_कॅनबेरा:
आजींना सांग, ‘पे द रेंट’ नावाची चळवळ इथे खरंच आहे. स्वतःहून दरमहा काही रक्कम मूळ लोकांच्या हाती द्यायची, सक्ती नाही.

निवृत्त_सर्कल:
पावती देतात का?

झणझणीत:
म्हणजे अध्यक्षांचं भाषांतर बरोबरच होतं!!